शिकातो

'शिकतो' असं मला ऐकू आलं
आणि वहीत मी तसंच उतरवलं.
मिनेको इगाराशींनी पुन्हा म्हणून दाखवलं, सावकाश,
तेव्हा कुठे मी क-ला काना दिला.

साकाताला जानेवारीत वारा समुद्रावरून आडवा येतो,
बर्फ पडत नाही, धावतो.
गरम मेजाच्या रजईत पाय घालून आम्ही बसलेलो.
त्यांनी पत्त्यांचा छोटासा जोड काढला, सासऱ्यांचा,
कडा तेलकट, एका पानाला चिकटपट्टी.
हे दहाव्या महिन्याचं: लालभडक मेपल,
खाली हरीण, तोंड फिरवून उभं.
हरीण म्हणजे शिका. दहा म्हणजे तो.
जुगाऱ्यांनी दोन्ही जोडले आणि शब्द तयार झाला.
पुढे 'सुरु' लावायचं, म्हणजे 'करणे'.
शिकातो सुरु.
माझ्या कानाला ते कधीच सुरू झालेलं.

माझ्या भाषेत यासाठी कान लागतो, डोळा लागतो.
इथे नुसती एक मान.

'वाक्यात वापरून दाखवा,' मी म्हटलं.
त्यांनी चहाच्या किटलीत गरम पाणी ओतलं,
झाकण बसवलं, काढलं, पुन्हा बसवलं.
मग वाक्य दिलं, भूतकाळातलं:
सहावीत आम्ही सायोला शिकातो केलं.

सायो ताकेबे. ओसाकाहून आलेली,
बोलण्यात तिकडचे हेल,
वडील बंदरावर क्रेन चालवायचे.
तिचं काय चुकलं होतं ते आता कुणालाच आठवत नाही.
मंगळवारी ठरलं.
बुधवारपासून ती नव्हती.

'सोपं नसतं हं,' मिनेको म्हणाल्या.
'ती कुठे आहे हे सतत माहीत असावं लागतं,
नाहीतर चुकून नजर जाते.
जेवण वाढायची पाळी माझी असली
की दुधाची बाटली ठेवताना बाकाचा कोपरा बघायचा,
तिचा हात नाही.
पण हात दिसायचाच.
करंगळीवरचा शाईचा डाग
कुठल्या दिवशी कुठवर पुसट झाला
ते अजून सांगू शकेन मी.
आईचे हात इतके पाहिले नसतील.
चाळीस जणांनी मिळून एका मुलीवर
एवढा डोळा ठेवला
की फेब्रुवारीत तिनं बोलणंच सोडलं.
मार्चमध्ये क्रेनवर दुसरा माणूस.'

मी अर्थाच्या रकान्यात लिहीत होतो: दुर्लक्ष.
लिहिता लिहिता थांबलो.
लक्ष तर आख्खं घरात बसलेलं,
'दुर्' तेवढा उंबऱ्याशी, जोडे न काढता.

'आता दुसरं रूप घ्या,' त्या म्हणाल्या,
'शिकातो सारेरु. म्हणजे केलं जाणं.
त्याचंही वाक्य आहे माझ्याकडे.'

दोन वर्षांपूर्वी, सेंदाईचं इस्पितळ, एक्स-रेची रांग.
समोरच्या बाकावर साठी ओलांडलेली बाई,
हातात टोकन, क्रमांक एकशे बारा,
करंगळी तशीच, किंचित बाहेर.
मी हाक मारली. ताकेबे-सान.
दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.
ती भिंतीवरच्या लाल आकड्यांकडे बघत राहिली.

ऐकू गेलं नसेल.
लग्नानंतर नाव बदललं असेल.
ओळखलं नसेल, पन्नास वर्षं म्हणजे काय थोडी झाली.
किंवा ती नसेलच.
किंवा.

'कुठलं क्रियापद लावायचं इथे?'
शिक्षिका विद्यार्थ्याला विचारत होती, खरोखर,
आणि माझ्या वहीत तेव्हा
सगळी मिळून सत्तावीस क्रियापदं होती.

चहा निवला. त्यांनी पत्ते गोळा केले.
मी ते पान परत मागून घेतलं,
खिडकीच्या उजेडात धरलं.
हरीण कुठे बघतंय ते शोधत राहिलो.
पण ते पानाच्या कडेबाहेर बघतंय,
तिकडचं काहीच काढलेलं नाही.